अडकलेली अकरा हँडलं

शिवांजलीची सायकल दुकानात आली ती दोन तुकड्यांत. तानाजीनं टेम्पोतून आधी हँडलासकट सांगाडा उतरवला, मग पुढचं चाक. चाकाला धरणारा फोर्क चाकाबरोबरच होता, पण तो सांगाड्यापासून साफ सुटला होता. ब्रेकची तार ताणून तुटली होती आणि हँडलाच्या मुठीवर वाळलेलं रक्त होतं.

लालासाहेब पंक्चर काढत बसला होता. हातातली ट्यूब त्यानं तशीच घमेल्यातल्या पाण्यात सोडली.

"पोरगी कशी हाय?"

"जबडा मोडलाय," तानाजी म्हणाला. "सांगलीला नेली. खालवरचं दात तारंनं बांधल्यात. महिनाभर तोंड उघडायचं न्हाई म्हणून सांगितलंय. नळीनं पाणी, नळीनं पेज."

तानाजी कुंडल रस्त्याच्या वस्तीवरचा. मूळचा आटपाडीकडचा, मेंढरं राखणारा. बापाच्या वेळेपासून इकडं येऊन राहिलेला. दोन पोरी. थोरली राणी सांगलीला नर्सिंग शिकायला गेली आणि तिची सायकल धाकट्या शिवांजलीकडं आली. शिवांजली नववीला. शाळेला निघाली असताना ओढ्यावरच्या पुलाच्या उताराला ती पडली होती.

"मागनं येणारी पोरं म्हणत्यात, हात सोडून चालवत व्हती," तानाजी म्हणाला. "तुमी जरा बघा की आबा. कशानं झालं असंल?"

लालासाहेबानं फोर्क उचलला. फोर्कची नळी सांगाड्याच्या पुढच्या पोकळ भागात बसलेली असते आणि त्या नळीत वरून हँडलाची दांडी उतरते. नळी बुडाजवळ, बरोबर दांडी जिथं संपते तिथं तुटली होती. तुटलेली कड त्यानं उजेडाकडं केली. आजचं ताजं तुटणं म्हणजे लोखंड पांढरं चकचकीत दिसायला हवं. इथं तसं चकचकीत होतं ते नखाच्या चंद्राएवढं. बाकीची सगळी कड काळपट तपकिरी. तेवढ्या नखाएवढ्या लोखंडावर ती पोरगी किती दिवस जात-येत होती, कोण जाणे.

त्याला त्याच क्षणी कळलं. आणि त्याच क्षणी त्याच्या तोंडातून निघालं, "खड्ड्यात आदळली असंल. जोरात बसलं की तुटतंय."

तानाजीनं मान हलवली. "मी तिला सांगत व्हतो, हळू चालव म्हणून," तो म्हणाला आणि टेम्पोत बसून गेला.

लालासाहेबानं दोन्ही तुकडे दुकानाच्या मागच्या बाजूला नेले आणि वर पोतं टाकलं.

लालासाहेबाचं दुकान पलूसला, एसटी स्टँडच्या मागच्या बोळात. सतरा वर्षं तो फौजेत होता, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. नोकरी संपवून आला तेव्हा घरच्यांना वाटलं, बँकेत वॉचमन होईल नाहीतर ऊस बघेल. त्यानं सायकलचं दुकान टाकलं. लोक हसले, कारण तोवर घरोघर मोटरसायकली आल्या होत्या. पण शाळेची पोरं, दूधवाले, कारखान्यावर जाणारी म्हातारी माणसं यांच्या सायकली होत्याच, आणि लालासाहेबानं बांधलेलं चाक वर्षभर डुगत नाही हे तालुक्याला माहीत होतं. फौजेत दुरुस्त झालेल्या प्रत्येक गाडीच्या कागदावर त्याची सही असायची. गावात कुणी सही मागत नव्हतं, तरी तो सायकल देताना स्वतः बसून एक चक्कर मारायचा आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा.

दोन हजार एकोणीसच्या महापुरात एका शिक्षणसंस्थेच्या नदीकाठच्या गोदामात अडतीस नव्या कोऱ्या सायकली होत्या. वस्त्यांवरून शाळेला येणाऱ्या मुलींना त्या वाटायच्या होत्या. वाटप व्हायच्या आधीच पाणी आलं, आणि आठ दिवस त्या सायकली कृष्णेच्या पाण्याखाली राहिल्या. पाणी ओसरल्यावर गोदामाचं दार उघडलं, तर चिखलाचा एक मोठा ढीग आणि त्यातून वर आलेली हँडलं. कुणी म्हणालं, भंगारात घाला. लालासाहेब तिथं मदतीला गेला होता. तो म्हणाला, "भंगार कशाला? लोखंड हाय, धुतलं की निघतंय. मी करतो. मजुरी नको मला."

आणि त्यानं केलं. दिवाळीनंतर रोज दुपारी, दुकान सांभाळून. प्रत्येक सायकल सुटी करायची, रॉकेलनं धुवायची, छर्रे बदलायचे, नवं ग्रीस भरायचं. हँडलाची दांडी उपसून नळीत काठीला फडकं गुंडाळून फिरवायचं. गाळ निघायचा, तो पीठ मळल्यासारखा मऊ. मग आत तेल सोडायचं. सत्तावीस सायकली अशा झाल्या.

अकरांची हँडलं निघेनात.

त्यानं तेल सोडून ठेवलं, लाकडी मोगरी मारली, शिकंज्यात धरून पिळलं. गंजानं दांडी आणि नळी एकजीव झाली होती. काढायची तर नळी कापावी लागणार आणि फोर्क नवे आणावे लागणार. जानेवारीची वीस तारीख आली. संस्थेतले जयराज सर दुकानात आले आणि म्हणाले, "आबा, सव्वीस जानेवारीला वाटप ठरलंय. पत्रिका छापल्यात, पाहुणे ठरलेत. होतंय ना?"

"व्हतंय," लालासाहेब म्हणाला.

त्या रात्रीपर्यंत मनाशी त्यानं एक गोष्ट पक्की करून टाकली. हँडल हलत नाही, म्हणजे घट्ट बसलंय. सैल असतं तर भीती. घट्ट आहे ते बरंच आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या अकरांचे छर्रे बदलले, बाहेरून घासलं आणि सगळ्या अडतीस सायकलींबरोबर त्यांनाही निळा रंग मारला. रंग वाळल्यावर कुठल्या त्या अकरा, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सव्वीस जानेवारीला त्याला फेटा बांधला, शाल दिली. मुली रांगेनं सायकलवरून मैदानाबाहेर पडल्या तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं.

चार वर्षांनी त्यातलीच एक पोत्याखाली पडली होती.

पहिले दोन दिवस लालासाहेबानं तिकडं पाहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी एक शिक्षक टायरमध्ये हवा भरायला आले आणि बोलता बोलता सांगून गेले, की प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी मुलांना वाहतुकीचे नियम सांगितले. हात सोडून सायकल चालवली की काय होतं ते आपण पाहतोच आहोत, असं म्हणाले. नाव घेतलं नाही. पण नववीच्या रांगेत जी जागा रिकामी होती तिकडं सगळ्यांनी बघितलं.

आठव्या दिवशी लालासाहेबाची बायको माया बाजारातून आली ती शिवांजलीच्या आजीला, अंबूबाईला, भेटून. जेवायला वाढता वाढता ती सांगू लागली.

"म्हातारी रडत व्हती वो. म्हणली, तोंड बांधलंय तरी पोरगी मान हलवून न्हाई न्हाईच करती. हात सोडला न्हवता म्हणती. तानाजी म्हणतोय, जबडा मोडला तरी खोटं बोलायचं सोडंना. आता शाळा बंद करायची म्हणतोय तो. घरातनं भाईर गेली की असलं धंदं करती, म्हणून."

लालासाहेबानं ताट सारलं. भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पोतं काढलं. सांगाड्यात अडकून राहिलेला नळीचा वरचा भाग बाहेर घेतला, शिकंज्यात धरला आणि हॅक्सॉनं उभा कापायला घेतला. पातं निम्म्यावर गेलं तशी आतून माती गळायला लागली. मऊ, काळसर, नदीची. नळीचे दोन भाग उघडले तेव्हा दांडीच्या बुडाशी गाळाचं बूच बसलेलं दिसलं. चार पावसाळ्यांचं पाणी तिथं मुरत राहिलं होतं. नळी वरून तशीच होती, निळ्या रंगाची एक रेघसुद्धा शाबूत. आतून ती कागदाएवढी पातळ उरली होती. त्यानं अंगठा दाबला, तर पापडासारखी मोडली.

माया डबा घेऊन आली होती. ती कधी मागं येऊन उभी राहिली, त्याला कळलं नाही.

"हे काय वो?"

"पुराचा गाळ."

"अजून?"

"आतच व्हता. त्याच्यावर रंग दिला मी. त्या अकरांतली ही एक."

माया त्या दोन फाकांपुढं वाकली. मग तिनं विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

"तानाजी घिऊन आला तवाच."

"मग इतकं दिस काय केलंसा?"

लालासाहेबानं शिकंजा सैल केला.

"त्या लेकराचं तोंड बांधलंय म्हणून तिला बोलता येईना," माया म्हणाली. "तुमचं कुणी बांधलंय?"

ती डबा ठेवून निघून गेली. लालासाहेबानं त्या फाका फडक्यात गुंडाळल्या, दुकानाला कुलूप लावलं आणि वस्तीची वाट धरली.

वस्तीवर बाभळीखाली बाज टाकलेली होती. शिवांजली बाजेवर उशी टेकून बसली होती. चेहरा एका बाजूनं सुजून काळानिळा झाला होता, हनुवटीखालून डोक्यावर पट्टी. शेजारी अंबूबाई पेल्यात पेज ढवळत होती. तानाजी मेंढरं कोंडायच्या जाळीचे, वाघरीचे, खुंट ठोकत होता. लालासाहेबाला बघून तो जवळ आला.

"या आबा. झाली का सायकल?"

"न्हाई. मी त्यासाठी न्हाई आलो," लालासाहेब म्हणाला आणि त्यानं फडकं जमिनीवर सोडलं. "तानाजी, तुला मी खोटं सांगितलं. खड्ड्याचं काय नव्हतं. पोरीनं हात सोडला आसंल-नसंल, त्यानं हे तुटत न्हाई. हे आतनं सडलं व्हतं. पुरातली सायकल. हिचं हँडल अडकलेलं, मला निघालं न्हाई, मी तसंच ठेवून रंग मारला. माझी चूक हाय."

तानाजीनं एक फाक उचलली. बोटानं कुरतडली. कपच्या निघाल्या. त्याच्या कपाळावरची शीर फुगलेली लालासाहेबाला दिसली.

"चार वर्सामागं चुकलं, ते माणसाचं चुकतंय," तो शेवटी म्हणाला. "पन सायकल घिऊन आलो तवा तुला दिसलं व्हतं?"

"दिसलं व्हतं."

"आन् तू मला खड्डा म्हणालास." तो आता अहोजाहो विसरला होता. "मी हितं येऊन हिला मारली. समजलं का? असल्या तोंडाच्या पोरीला. खोटं बोलती म्हणून."

अंबूबाईनं पेला खाली ठेवला आणि नातीच्या पाठीवर हात ठेवला. "माजं बी चुकलं गं," ती पुटपुटली. "मी बी मानलं न्हाई तुजं."

शिवांजलीनं उशाची वही ओढली. तोंड बंद झाल्यापासून ती वहीवर लिहूनच बोलायची. तिनं लिहिलं आणि वही लालासाहेबापुढं धरली. मागच्या पानांवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा होतं: मी हात सोडला नव्हता. आज तिनं नवीन लिहिलं होतं.

शाळेत सांगा.

"सांगतो," लालासाहेब म्हणाला. "उद्याच सांगतो."

निघताना त्यानं तानाजीकडं बघून हात जोडले. तानाजी पाठ फिरवून खुंट ठोकायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेब शाळेत गेला. मुख्याध्यापक भले गृहस्थ. ऐकून त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "आबा, मी समजावून सांगतो मुलांना. तुम्ही कशाला उभं राहता?" पण लालासाहेबानं ऐकलं नाही. राष्ट्रगीत झाल्यावर तो चौथऱ्यावर चढला. बोलायची सवय नव्हती; फौजेत सावधानमध्ये उभं राहतात तसा उभा राहिला.

"नववीची शिवांजली पडली ती हात सोडल्यामुळं पडली न्हाई," तो म्हणाला. "सायकल मी दुरुस्त केली व्हती आन् ती नीट केली न्हाई. तुटलेली बघूनबी मी आठ-नऊ दिस गप बसलो. ती पहिल्यापासनं खरं बोलत व्हती. आन् आणखी एक. निळ्या सायकली ज्यांच्याकडं हायत, त्यांनी आजपासनं त्यावर बसू नका. हातात धरून घरी न्या. मी येतो."

मागं उभ्या असलेल्या नववीच्या मुली एकमेकींकडं बघत होत्या. त्यातल्या एकीच्या घरी निळी सायकल होती.

मग खरं काम सुरू झालं. जयराज सरांकडं वाटपाची यादी होती, पण ती द्यायला ते कां-कूं करू लागले.

"आबा, चार वर्षं झाली. एक तुटली म्हणून सगळ्या तुटतील असं थोडंच आहे? संस्थेचं नाव उगाच चर्चेत येईल."

"नाव माझं सांगा," लालासाहेब म्हणाला. "राहिलेल्या दहा मला सापडतील न सापडतील. पन दुसरी पोरगी तशी पडली, तर तुमच्याबी घरात यादी हाय आन् माझ्याबी डोक्यात."

सरांनी यादी काढली.

दुकान सकाळचं दोन तास उघडायचं आणि मग पिशवीत पाने, हातोडी, हॅक्सॉ टाकून निघायचं, असं त्यानं ठरवलं. लोकांना पटवणं हेच अवघड. "चांगली चालतीया की, कशाला मोडताय?" हे प्रत्येक दारात. मुली मोठ्या होऊन गेल्या होत्या. सायकली भावांकडं, बापांकडं, मामाच्या गावाला. एका वस्तीवर एक म्हातारा त्यातल्याच एका सायकलला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून रोज डेअरीला जात होता. तो हँडलाला हात लावू देईना.

"नाना, एकदा फक्त वर उचलून बघतो," लालासाहेब म्हणाला.

"चार वरसं झाली, कवा कुरकुरली न्हाई माजी सायकल."

"जी तुटली ती पन कुरकुरली नव्हती."

म्हाताऱ्यानं शेवटी सोडली. दांडी हलेना. लालासाहेबानं चाक दोन गुडघ्यांत धरलं आणि हँडल आडवं पिळलं. फट्‌ असा आवाज झाला आणि सांगाडा चाकापासून सुटून त्याच्या हातात आला. म्हातारा त्या दोन तुकड्यांकडं बघत ओट्यावर बसला. त्याच सकाळी तो नातवाला पुढं नळीवर बसवून अंगणवाडीत सोडून आला होता.

ती गोष्ट गावोगाव लालासाहेबाच्या आधी पोचली आणि मग दारं उघडू लागली. काही लोक शिव्या देऊन सायकल देत, काही चहा देऊन. शिव्या ऐकताना त्याला जरा हलकं वाटायचं. चहाचा कप तो तसाच ठेवून यायचा. शिराळ्याला प्रियदर्शनी नावाची मुलगी आत्याकडं राहून शिकत होती. तिची सायकल बघायला तो दोन एसट्या बदलून गेला. तिचं हँडल सहज निघालं, नळी आतून तेलकट, धड. तो तिथंच पायरीवर बसून राहिला. पोरीनं विचारलं, "आबा, पाणी देऊ का?" त्यानं मान डोलावली आणि हँडल परत बसवायला घेतलं.

पावसाळ्यापर्यंत छत्तीस सायकली तपासून झाल्या. शिवांजलीची धरून दहांची हँडलं अडकलेली निघाली. त्यातल्या सात आतून खाल्लेल्या होत्या, तीन का कोण जाणे वाचल्या होत्या; दहांनाही त्यानं नवे फोर्क आणून बसवले. शिवांजलीच्या सायकलला नवा फोर्क बसवून ती त्यानं वस्तीवर नेली, तर तानाजीनं ती दारातून आत येऊ दिली नाही.

राहिल्या दोन. एक विट्याच्या बाजारात विकली गेली होती, घेणारा कोण ते कुणाला आठवत नव्हतं. दुसरी ज्या घरी दिली होती ते ऊसतोडीला आलेलं कुटुंब कधीच गाव सोडून गेलं होतं, कर्नाटकात कुठंतरी. अडकलेलं अकरावं हँडल या दोहोंपैकी एकीचं. विट्याच्या बाजाराला लालासाहेब पाच सोमवार गेला. निळी सायकल दिसली की पळत जाऊन थांबवायचा, आणि माणूस घाबरून बघत राहायचा. एकही ती नव्हती. ऊसतोडीच्या मुकादमांना फोन केले. मुकादम म्हणायचे, "बगतो की," आणि फोन ठेवायचे.

शिवांजलीच्या दातांच्या तारा निघाल्या. हनुवटी किंचित डावीकडं राहिली आणि 'प' म्हणताना ओठ पुरते मिटत नाहीत, पण बोलते. शाळा सुटली नाही. अंबूबाईनं लेकाला बजावलं, की पोरीला घरी बसवलीस तर मी मेंढरांत जाऊन राहीन. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेत तिची माफी मागितली. सायकलवर मात्र ती परत बसली नाही. एसटीची वेळ जुळत नाही, म्हणून चालत जाते. तानाजी अजून लालासाहेबाशी बोलत नाही. बाजारात समोर आला तर रस्ता बदलतो, आणि लालासाहेबही त्याला हाक मारत नाही.

दहावीचं वर्ष सुरू झाल्यावर एका सकाळी लालासाहेब कुंडलकडं निघाला होता. पुढं दप्तर पाठीला लावून ती चालताना दिसली. तो सायकलवरून उतरला आणि सायकल हातात धरून तिच्या बाजूनं चालू लागला. दोघं ओढ्याच्या पुलापर्यंत आली. उतार आला तशी ती रस्त्याच्या पार कडेला झाली.

"आबा," ती म्हणाली, "त्या दोन सापडल्या का?"

"न्हाई अजून."

"कुनीतरी बसत असंल की त्याच्यावर."

"व्हय."

शाळेचं वळण आलं. ती वळली, चार पावलं गेली आणि परत फिरून म्हणाली, "राणीताईच्या हॉस्टेलला कर्नाटकातल्या पोरी हायत. मी तिला विचारायला सांगते."

लालासाहेबानं खिशातून यादीचा घडी घालून विरलेला कागद काढला आणि ज्या घराचा पत्ता नव्हता त्या घराचं नाव तिला वाचून दाखवलं. तिनं वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घेतलं.